एनोककाकांचा नकार

२ मार्च, सोमवार

हाम्बुर्गहून स्लेजसफरीला आलेलं जोडपं सकाळपासून पुन्हा खिडकीशी. आज चौथा दिवस! नवरा दर तासाला विचारतो, "आज?" मी हसते. हसून हसून गाल दुखायला लागलेत.

वारा कोमट. मार्चात छपरावरून पाणी गळतंय! आमच्या लहानपणी नोव्हेंबरात गोठून धरलेली खाडी मेपर्यंत हलत नसे. यंदा ती जानेवारी संपताना धरली, तीही नावाला.

नियम माझाच — इंजिन नाही, स्लेज दोनच, आणि एनोककाका लोखंडी टोकाच्या काठीने बर्फ ठोकून येईपर्यंत कुत्री जुंपायची नाहीत. गावच्या समितीशी भांडून मीच तो करून घेतला. माहितीपत्रकावर काकांचा फोटो मीच छापला. गाव टिकेल, बर्फाचा मान राहील, पाहुणे मोजके येतील — काय काय बोलले होते मी! फेब्रुवारीत दोन गट असेच बसून परत गेले. हेही गेले तर "तीनशे माणसांचं जहाज बोलवा" म्हणणारे टपलेलेच आहेत.

४ मार्च, बुधवार

काकांचं आजही 'नाही'च. बाईने विचारलं, "ते कधीतरी हो म्हणतात का?" तिचा नवरा हसला. मीही हसले. नको होतं हसायला.

५ मार्च, गुरुवार

काका खाडीवरून आले, दारात उभे राहिले, काही बोलले नाहीत. स्लेज हाकणारा इनूतेक बाहेर आपल्या कुत्र्यांशी झटत होता. त्याला म्हटलं — काका काही बोलले नाहीत, जुंप! गेले एकदाचे.

तोच दिवस, संध्याकाळ

बर्फ फुटला.

माणसं वाचली. इनूतेकने दोघांनाही ओढून काढलं. कुत्री अकरा होती, सहा गेली. पट्टे कापेपर्यंत एकमेकांना घेऊन खाली गेली. इनूतेकचे हात सुजून भाकरीएवढे झालेत. मी गेले तर मला म्हणतो, "अगं नुकाका, म्हाताऱ्याला झालंय तरी काय?"

मी त्याला सूप पाजत राहिले.

७ मार्च, शनिवार

इथे तरी खरं लिहावं. हे कोण वाचणार आहे!

काका दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाक आक्रसलं. नीट, सावकाश. म्हणजे नाही. आमच्यात तोंडाने 'नाही' म्हणायची गरजच पडत नाही, तीन वर्षांच्या पोरालाही हे कळतं. मला तर चांगलंच कळलं. मी कागदांत मान घातली, आणि ते वळून घरी गेल्यावर बाहेर जाऊन म्हटलं — काही बोलले नाहीत.

शब्दाने खोटं नाही. त्याचीच जास्त किळस येते.

९ मार्च, सोमवार

समितीची बैठक. अध्यक्ष आहे पेट्रीने, ती बाई आडवळणाने बोलत नाही. "काका, तुम्ही हो म्हणालात?"

काका टोपी हातात घेऊन बसले होते. "मी नाही म्हटलं होतं, असं मला वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. साधं बघितलं, आरोप वगैरे नाही. माणूस आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याला दिसली का बघतो, तसं. मी कॉफीच्या थर्मासचं झाकण घट्ट करत होते. ते आधीच घट्ट होतं.

मग टोपीकडे बघून म्हणाले, "चुकलो असेन."

बर्फ बघायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. आता शहरातून जाडी मोजायचं यंत्र येणार. ठराव मीच लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं ना!

१५ मार्च, रविवार

पेट्रीनेच्या नातवाच्या वाढदिवसाची कॉफी. सगळं गाव, पाच तऱ्हेचे केक. कोणीतरी म्हणालं, "एनोककाकांना सरबत देऊ नका रे, त्यातल्या बर्फावर पाय ठेवतील!" सगळे खो खो हसले. काका दाराजवळच्या खुर्चीत होते. तेही हसले, सगळ्यांच्या थोडे नंतर.

माझ्या बाबांना बर्फ वाचायला यांनीच शिकवलं. काठीचा आवाज कसा ऐकायचा, कुठला रंग खोटा. बाबा असते तर त्या खोलीतून उठून गेले असते. मी दुसरा केक घेतला.

१८ मार्च, बुधवार

उद्या सांगते.

१९ मार्च, गुरुवार

नाही सांगितलं.

२१ मार्च, शनिवार

दुकानात काकांच्या राकेलकाकू भेटल्या, त्यांनी मला पिठाच्या पोत्यांमागे ओढलं. "रोज सकाळी काठी घेऊन निघतात ग, आणि दारातूनच परत येतात. मला विचारतात, राकेल, माझी नजर गेली का? मी काय सांगू? मी काही खाडीवर नव्हते. तू त्यांना त्या दिवशी बघितलंस, तूच सांग."

आयती संधी! काकूच विचारत होत्या! आणि मी काय म्हटलं? "वय होतंच ना, काकू."

त्या म्हणाल्या, "हो, ते आहेच." पिशवी उचलून गेल्या. माझ्यासारखी नीच मीच.

२६ मार्च, गुरुवार

समितीने जहाजाला होकार दिला. जुलैत पहिलं येणार. ज्यासाठी केलं, तेही गेलं.

२७ मार्च, शुक्रवार

दुपारी काकांच्या घराकडून गोळ्यांचे आवाज. पाच. मध्ये मध्ये थांबून.

इनूतेक धावत आला. सकाळी काकांनी आपली सहा उत्तम कुत्री त्याच्या दारात आणून बांधली. "तुझी सहा माझ्यामुळे गेली," म्हणाले. उरलेली पाच वयस्कर, दुसऱ्याच्या हाताखाली चालणारी नव्हेत. तरी इनूतेक म्हणाला, "काका, राहू द्या की, मी खाऊ घालतो." तर म्हणाले, "ज्याला बर्फ कळत नाही त्याने कुत्री ठेवू नयेत." आणि बंदूक आणायला आत गेले.

इनूतेक माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. कसला हात! त्या पाचांचं रक्त कोणाच्या माथी आहे ते मला माहीत आहे. त्या बैठकीतच सांगितलं असतं तर. अगदी काल सांगितलं असतं तरी.

आता सांगून तरी काय? पण आता न सांगता मी इथे राहू शकत नाही.

२८ मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं, थर्मासच्या झाकणासकट. ओरडतील, हाकलतील, असं धरून गेले होते. काका म्हणाले, "थांब. मी नाक आक्रसलं होतं? तू बघितलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. "राकेल! ऐकलंस? मला बर्फ बरोबर कळला होता!" चेहरा असा उजळला की मला बघवेना. झटकन उठले, खुंटीवरचे पट्टे खांद्यावर टाकले, "चल पोरी, आत्ताच जुंपतो, कुठे पातळ आहे ते दाखवतो तुला," म्हणत दार उघडलं.

बाहेर नुसत्या साखळ्या पडल्या होत्या. काका पट्टे खांद्यावर घेऊन उंबऱ्यातच उभे राहिले.

काकू मला म्हणाल्या, "तू आता जा."