सर्जेरावला न सांगितलेली गोष्ट

अहो,

काल सर्जेराव घरी येऊन गेला, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाई सूड घेतेय. घेतेच आहे! तुमच्यापासून काय लपवायचं?

तुमचा जिवाभावाचा मित्र ना तो? तेराव्याला पंगतीत वाढायला सगळ्यांच्या पुढे होता. जाताना तुम्ही बनवलेला रेक्टिफायर गाडीत घातला. म्हणाला, गड्याची आठवण म्हणून नेतो. मला कशाचंच भान नव्हतं, मान हलवली. दिवाळीच्या आत तो धातूवर मुलामा चढवणाऱ्या पलूसच्या प्लेटिंगवाल्यांना तोच रेक्टिफायर स्वतःचा शोध म्हणून दाखवत फिरत होता. आठवण म्हणे!

विश्रामबागेतल्या आपल्या मागच्या खोलीत आपण दोघांनी तो जुळवला होता, लाइटीच्या एसीचा प्लेटिंगला लागणारा दांडगा डीसी करंट करायला. वीज एकाच दिशेनं सोडणाऱ्या डायोडचा ब्रिज एवढ्या करंटला तव्यासारखा तापायचा. त्या जागी तुम्ही मॉस्फेटचे चार स्विच घातलेत, दिवसभर चालवलात आणि माझा हात धरून त्यांची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकवर ठेवलात. नुसता कोमट! बायकोचा हात धरायला तुम्हाला एवढंच निमित्त सुचायचं.

एक मात्र तुमचं चुकलंच. सगळे जण पार्टवरचे नंबर पॉलिश पेपरनं घासून काढतात, म्हणजे नक्कल होत नाही. तुम्ही का नाही काढलेत? मी म्हटलं की हसायचात, "लपवायला ते काय सोनं हाय व्हय?"

ऑर्डर मिळाल्यावर त्यानं नंबर वाचून तसाच दुसरा करायला पार्ट आणले. पण तुमच्यात मॉस्फेट नेहमीपेक्षा उलटे बसवलेले दिसले आणि त्याला वाटलं, गड्याची चूक झालीय. शहाण्यानं सगळे सरळ केले! त्यांच्या पोटातला डायोड कुठल्या बाजूला तोंड करून बसतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पलूसच्या एका कारखान्यात नारळ फोडला, बटण दाबलं आणि चारही फुटले. कुणाला इजा झाली नाही, तेवढं देवानं बघितलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. मालकानं त्याला बाहेरची वाट दाखवली.

काल चहाला हातही लावला नाही त्यानं. खाली बघून म्हणाला, "वैनी, तेवढं सांगा. त्यानं मॉस्फेट उलटं का बसवलं हुतं?"

सोल्डर मारता मारता तुम्ही मला ते किती वेळा समजावलं होतंत! उत्तर अगदी जिभेवर होतं.

म्हटलं, "ज्यानं बसवलं त्यालाच इचारा."

तो तुमच्या फोटोकडे बघत राहिला. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तुम्ही असता तर कागद ओढून त्याला चित्र काढून दिलं असतंत, वर जेवायला थांबवलं असतंत. असे कसे हो तुम्ही?

त्या मालकानं आता मला विचारलंय. पुढच्या महिन्यात त्याच जागी आपला रेक्टिफायर बसेल. तुमचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, पण त्याच्या पत्र्यावर ठळक कोरून घेणार आहे.

आणि सर्जेरावला मी मरेपर्यंत सांगणार नाही, हा माझा शब्द. रागवायचं तर रागवा. तुम्ही नाही आहात हे मला रोज कळतं. आता त्यालाही रोज कळू दे.

तुमचीच,
सुनंदा