मुर्जोची खणायची जागा

ब्रेस्तोवो, ३० मार्च १९९८

चि. दोन्का हिला बाबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे मी ठीक. तू तिकडे ग्रीसमध्ये ठीक असशील असं धरून चालतो, कारण फोनवर तू ओरडतेस एवढंच मला ऐकू येतं, शब्द एकही नाही. म्हणून पत्रच बरं.

तुझं पत्र आणि मोजे वेलिको बसवाल्याने हातात आणून दिले. आईच्या मातीला येता आलं नाही म्हणून रोज रडत बसू नकोस. कागद नसताना एकदा सीमा ओलांडली की परत जाता येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चाळिसाव्या दिवसाचं सगळं रीतसर झालं. उकडलेला गहू, पाव, वाइन, मेणबत्त्या. पाद्रीबुवा खोकत होते, पण त्यांनी प्रार्थना अर्धवट सोडली नाही.

तक्रार आहे ती मुर्जोची. तुझ्या आईच्या या लाडक्या कुत्र्याने बागेचं वाटोळं केलंय. ट्युलिपचे कांदे उपसले, लसणाचा वाफा उपसला, काल गुलाबाच्या मुळाशी गेला होता. अकरा वर्षं तुझी आई खणायची आणि हा शेजारी बसून बघायचा. आता ती नाही, तर हा खणतो. शोधतो की काय, देव जाणे. मी ओरडलो की कान पाडून बसतो आणि माझी पाठ वळली की पुन्हा सुरू.

पेन्यू शिकारी म्हणाला, साखळीला बांध, नाहीतर माझ्याकडे दे, एका काडतुसाचं काम आहे. त्याला मी फाटकाबाहेर घालवला. तुझ्या आईने मुर्जोच्या गळ्यात कधी दोरी घातली नाही, मी कशी घालू? या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं एवढं एकच उरलंय. पण बागही तिचीच आहे गं. दोन्ही कसं राखू ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस. तुझा बाबा.

वोलोस, १४ एप्रिल

ति. बाबांना, दोन्काचा वाकून नमस्कार. वि. वि. मुर्जोवर उपाय सापडला! मी जिला सांभाळते त्या आन्थूलाबाईंच्या सुनेचं कुत्रंही असंच उचापती होतं. तिने त्याला खणू दिलं, पण एकाच जागी. हसू नका, पुढे वाचा.

अंगणात एक कोपरा ठरवायचा. माती भुसभुशीत करून त्यात थोडी वाळू मिसळायची. मग त्याच्या देखत त्यात खाऊ पुरायचा, चीजचा तुकडा, हाड, काहीही. "इथं!" म्हणायचं. त्याने खणून काढलं की "शाब्बास" म्हणून डोक्यावर हात फिरवायचा. दुसरीकडे खणायला लागला तर मारायचं नाही, गळ्याशी धरून कोपऱ्यात आणायचं आणि पुन्हा "इथं!" तुम्हाला धीर धरावा लागेल, हीच काय ती अडचण आहे.

आता माझं एक मागणं. ऐकल्यावर मला वेडी म्हणू नका. आई स्वप्नात येते आणि तिच्या पुढ्यात ताट रिकामं असतं. थडग्यावर ठेवलेलं सगळं कावळे नेतात, आपण लहानपणापासून बघतोय. बाबा, मूठभर माती टाकायलाही मी नव्हते. तुम्ही शनिवारी जाता तेव्हा माझ्या वाटचा बानित्साचा एक तुकडा, आईला आवडायची तशी पातळ पापुद्र्यांची, भरपूर चीज घातलेली, वर न ठेवता हाताने थोडी माती उकरून आत पुरा. म्हणजे तिच्यापर्यंत पोचेल. मला तेवढंच समाधान.

प्रेम आहे ते वाढतं ठेवा. तुमची दोन्का.

ब्रेस्तोवो, ९ मे

चि. दोन्का हिला आशीर्वाद, आणि तुझ्या बाईंच्या त्या ग्रीक सुनेलाही थोडे दे. वि. वि. कुत्र्याला शिकवणी लावणारा म्हातारा म्हणून माझी गावभर शोभा झालीय. शेजारीण स्तोयना कुंपणावरून विचारते, कुन्चोकाका, तो पास झाला का? तिचा नवरा गान्चो मार्चात वारल्यापासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून चालवून घेतलं.

पण झाला पास! अक्रोडाच्या झाडाखालचा कोपरा दिला त्याला. पहिला आठवडा त्याने मला शिकवलं. मी पुरायचो आणि तो माझ्या तोंडाकडे बघत बसायचा, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. मग चीजचा वास लागला. आता सकाळी मी "इथं!" म्हटलं की शेपूट हलवत धावतो, खणतो, आणि वर तोंड करून बघतो. त्याला खाऊपेक्षा माझा शाब्बास हवा असतो असं मला वाटतं. बागेत पाय ठेवत नाही. गुलाबाला कळ्या आल्यात.

तुझा तुकडाही दर शनिवारी पुरतो. बानित्सा मीच भाजतो, खालून करपते, तुझी आई करपलेली कड मला द्यायची, आता तिने खावी. मुर्जो सोबत येतो. मी माती उकरून ठेवतो आणि तो शेजारी गपचूप बसून सगळं बघतो, एवढा शहाणा झालाय. तिथून परत येताना मला पहिल्यासारखं जड वाटत नाही.

आठवण काढत जा. तुझा बाबा.

वोलोस, २६ मे

ति. बाबांना कोपरापासून नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र मी आन्थूलाबाईंना भाषांतर करून वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, असा बाप असताना तू इथं काय करतेस? मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

सहा जूनला चेरींचा पितरांचा शनिवार. सगळं गाव थडग्यांवर असेल. त्या दिवशी आईला चेरी ठेवा, अक्रोडाची पानं अंथरा, आणि माझा तुकडा नेहमीपेक्षा मोठा पुरा. मुर्जोलाही घेऊन जा, तिला बरं वाटेल. आणि कसं झालं ते सगळं कळवा.

लोभ ठेवाल याची खात्री आहे. दोन्का.

ब्रेस्तोवो, १४ जून

चि. दोन्का हिला आशीर्वाद. वि. वि. चेरींचा शनिवार पार पडला. ऊन चांगलं होतं. तू सांगितलंस तसं सगळं केलं. मुर्जो ठीक आहे. बाकी विशेष नाही. गुडघा थोडा दुखतो, म्हणून पत्र आखूड.

तुझा बाबा.

वोलोस, १९ जुलै

ति. बाबांना दोन्काचा नमस्कार. वि. वि. गुडघ्याला मिठाचं गरम फडकं बांधा. आणि एवढंएवढंसं पत्र लिहू नका. मला मुर्जोबद्दल लिहा. तो काय करतो, काय खातो, कोपऱ्यातून काय काय उपसतो, सगळं. इथं दिवसभर औषधं आणि अंथरुणं, तुमचं पत्र आलं की तेवढा वेळ मी घरी असते. कितीही लांब लिहा, मी दोनदा वाचीन.

तुमच्या मायेवर जगणारी, दोन्का.

ब्रेस्तोवो, ३ ऑगस्ट

चि. दोन्का हिला अनेक आशीर्वाद. वि. वि. मुर्जोबद्दल विचारलंस, तर ऐक. परवा कोपऱ्यातून त्याने तुझ्या आजीच्या वेळचा पितळी चमचा काढला आणि माझ्या पायाशी आणून टाकला, जणू बाजारातून आणलाय. उकाडा फार, म्हणून खड्ड्यात पोट टेकून झोपतो. टरबुजाच्या फोडी आवडायला लागल्यात, बिया मात्र थुंकतो, पाटीलच आहे! रात्री जरा घोरतो. थुंकणाऱ्या आणि घोरणाऱ्या कुत्र्याचा मी धनी.

पावसाने ओढ दिलीय. टोमॅटोला दोनदा पाणी घालतो. बाकी सगळं तुला माहीत आहेच.

असाच जीव लावत जा. तुझा बाबा.

वोलोस, २४ ऑगस्ट

ति. बाबांना साष्टांग नमस्कार. वि. वि. बाबा, कागद मिळाले! हातात आहेत, शिक्क्यासकट. बारा सप्टेंबरला, शनिवारी, वेलिकोच्या बसने येते. दोन आठवडे राहीन. चमच्याची गोष्ट वाचून हसले. माझ्यासाठी धावपळ करू नका. काही करायचं राहिलं असेल तर राहू द्या.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेवा. दोन्का.

ब्रेस्तोवो, १ सप्टेंबर

चि. दोन्का, आशीर्वाद. हे पत्र मी चार दिवस लिहितोय आणि फाडतोय. तू येणार म्हणून जीव हरखला. पण तू फाटक उघडशील, मुर्जोला हाक मारशील, आणि मी काय तोंड दाखवू?

मुर्जो नाही गं. जूनपासून नाही. चमचा नाही, टरबूज नाही, सगळं मी बसून रचलं. बापाने मुलीशी खोटं बोलू नये, पण मी बोललो.

चेरींच्या शनिवारी सगळं गाव तिथं होतं. मी तुझा तुकडा पुरला आणि मेणबत्ती लावायला वळलो. तेवढ्यात मुर्जोने आईच्या थडग्यावर खणायला सुरुवात केली. आनंदाने खणत होता. तुकडा काढला, आणि मग वर तोंड करून माझ्याकडे बघितलं, अक्रोडाखाली बघायचा तसंच. आणि दोन्का, माझ्या तोंडून सवयीने "शाब्बास" निघून गेलं. साऱ्या गावाने ऐकलं. कुणी हसलं नाही. मी दर शनिवारी त्याच्या डोळ्यांदेखत आईच्या मातीत खाऊ पुरत होतो. मीच त्याला ती जागा शिकवली, दुसऱ्या कुणी नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा साखळी आणली. रात्रंदिवस रडायचा. बुधवारी खुंटी उपटून गेला, तो थेट तिकडे. आईचं थडगं उकरलं, शेजारी स्तोयनाच्या गान्चोचं उकरलं, कोपरभर खोल. स्तोयना माझ्या अंगणात आली आणि मातीवर बसली. म्हणाली, काका, माझ्या माणसाला तरी झोपू द्या. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. वेलिकोला विचारलं, बसमधून कुठं लांब देऊन येशील का? तो म्हणाला, अकरा वर्षांचं कुत्रं कोण ठेवून घेईल, रस्त्यावर उपाशी मरेल.

शुक्रवारी पेन्यूला मीच बोलावलं. मुर्जोला बंदूक दिसू नये म्हणून कोपऱ्यात मटणाचा मोठा तुकडा पुरला आणि "इथं!" म्हटलं. तो धावत आला. मी सांगितलं तिथंच खणत होता, इतकं नीट, एक पाय इकडे तिकडे नाही. त्याला काही कळलं नाही, पेन्यूचा हात चांगला आहे. पण त्याने तोंड वर करायच्या आधी मी आत निघून गेलो. त्याला शाब्बास म्हणायला थांबलो नाही, एवढं मला सलतं.

तुला कळवलं नाही, कारण तू स्वतःला दोष दिला असतास. आजही देऊ नकोस. पुरणारे हात माझे होते. मग तू विचारत राहिलीस आणि लिहिताना तो जरा वेळ टेबलाखाली असल्यासारखा वाटायचा, म्हणून लिहीत गेलो.

आता तू ठरव, माझ्यावर माया ठेवायची की नाही. बाबा.

वोलोस, ७ सप्टेंबर

माझ्या बाबांना, दोन्काचा नमस्कार, आणि मिठी.

मला जूनपासूनच माहीत होतं. वेलिकोने तुमचं पत्र देताना सगळं सांगितलं, पेन्यूचंही, स्तोयनाचंही. तो बसच्या पायरीवर बसून डोळे पुसत होता. तिथंच तुमचं पत्र उघडलं तर त्यात लिहिलेलं, मुर्जो ठीक आहे. आधी तुमचा राग आला, खोटं कशाला म्हणून. मग कळलं की तुम्ही मला वाचवताय. पुरायला मी सांगितलं होतं, बाबा. मुर्जोला घेऊन जा, हेही मीच लिहिलं होतं. तुम्ही म्हणाल देऊ नकोस, तरी माझ्या वाटचा दोष मी घेणार, तुम्हाला सगळा एकट्याने नेऊ देणार नाही.

तरीही मी विचारत राहिले, लांब लिहा म्हणून हट्ट धरला. कारण आई गेली तेव्हा मला एक तार आली. तीन शब्दांची. सकाळी आई होती आणि तार वाचून संपली तोवर नव्हती. मुर्जोला मात्र तुम्ही माझ्यासाठी पूर्ण उन्हाळा जिवंत ठेवलंत. त्याला टरबूज खाऊ घातलंत, घोरायला लावलंत. मी ती पत्रं खरं माहीत असून वाचली, आणि प्रत्येक वेळी हसले.

शनिवारी बसवर मला घ्यायला एकटेच या. मी तुमच्या मागे कुणाला शोधणार नाही. आधी आईकडे जाऊ, रिकाम्या हातांनी. तिला सांगू की बाग सांभाळता सांभाळता आपल्या दोघांच्या हातून काय झालं ते.

माया होती तेवढीच आहे, मोजून बघायला येतेय. तुमची दोन्का.