कबरस्तानच्या कोपऱ्यातून रस्ता

अब्बा, तुमच्या कबरीवरून रस्ता न्यावा, असं मी लिहून दिलं.

आपल्या मोहल्ल्यात अजून गाडी येत नाही. मध्यंतरी अम्मीला दम लागला, तेव्हा पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाखाडीच्या पायऱ्यांवरून खाली नेलं. रस्ता काढायचा तर कबरस्तानचा एक कोपरा जातो. जमातीने ठरवलं, दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं लिहून द्यायचं, जुम्याच्या नमाजीनंतर ते मशिदीच्या भोंग्यावर वाचायचं आणि मग मतं घ्यायची. रस्त्याच्या बाजूने लिहायला कुणी धजेना. ज्याचं माणूस त्या कोपऱ्यात आहे त्यानेच लिहावं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी इथे सौदीत, हुफूफला, खजुराच्या गोदामात. तुम्ही गेलात तेव्हा इथल्या मालकाने, कफीलने, पासपोर्ट दिला नाही, मातीलाही येता आलं नाही. तो कोपरा मी मोबाईलवरच पाहिलाय.

अम्मीचा तर विरोधच. फोनवर म्हणाली, "माझा जीव गेला तरी चालंल, त्यांना हलवायचं नाय." मला राग आला. तुमचाही आला, खोटं कशाला सांगू.

शाळेत असताना नळासाठी मी गावच्या नावाने अर्ज लिहिला होता, आठवतं? तुम्ही स्वयंपाकघरात बांगडे साफ करत बसला आहात. मी वाचतो, तुम्ही मान वर न करता ऐकता. "गाव असा बोलला कदी? दुसऱ्याच्या तोंडात आपला बोलणा घालू नको." मी अर्ज फाडतो. जेवताना तुम्ही तुमच्या ताटातला बांगडा माझ्या ताटात टाकता.

या वेळी मी आजारपणं, बाळंतपणं सगळं लिहिलं. वाचून पाहिलं तर सरकारी नोटीस वाटत होती. मग शेवटी एक ओळ घातली: माझे वडील मला सांगून गेले आहेत, माझ्यासाठी जिवंत माणसांची वाट अडवू नका. आणि पाठवून दिलं.

जुम्याला ते वाचलं गेलं. अम्मीने घरात बसून ऐकलं. मतं मोजून होण्याआधीच तिचा फोन आला. म्हणाली, "मला कदी बोलले नाय. तुला खरंच सांगितलं त्यांनी?"

मी हो म्हणालो. ती रडली आणि म्हणाली, "मग होऊ दे."

रस्ता मंजूर झाला, अब्बा. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आता अम्मी रोज फोनवर विचारते, आणखी काय काय बोलले होते ते तुझ्याशी? आणि मी रोज काहीतरी सांगतो.