टाचणीसाठी सूट

३ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाचणीचा शाळाप्रवेशाचा अर्ज सोबत आहे. लसींच्या रकान्यात ‘सूट हवी’ लिहिलंय आणि कारण म्हणून ‘तत्त्व’. हसू नकोस. पोर माझी, दंड तिचा. मध्ये सरकार कुठून आलं? मी शिंपी माणूस. दहा गिऱ्हाइकांना एकाच मापाचे कपडे शिवले, तर दुकानाकडे कुत्रं फिरकणार नाही. मग लस तेवढी सगळ्यांना एका मापाची कशी? शाळेच्या कचेरीतला शिक्का तुझ्या हातात आहे. एक उमटव.

तुझा लोभ शिक्क्याएवढा तरी असावा.

धाकटा

९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अर्ज परत पाठवते आहे. वीस वर्षं हे अर्ज तपासते आहे. तत्त्व असलेला शिंपी पहिल्यांदाच पाहिला. माझा कोट चार महिने शिवतोयस, तेव्हा ते कुठे होतं?

सूट मिळते, पण डॉक्टरांच्या कागदावर. पहिलीत तसा एक मुलगा आहे. आजारामुळे त्याला लस चालत नाही. आजूबाजूच्या पोरांनी टोचून घेतलंय, म्हणून तो वर्गात बसू शकतो. त्याच्या शेजारची जागा टाचणीची आहे. तेव्हा खरं कारण काय ते लिही.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

ताई

१४ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं कारण रकान्यात मावत नाही. मागच्या लसीनंतर तिला ताप चढला आणि माझ्या मांडीवर झटका आला. दोनेक मिनिटं. डॉक्टर म्हणतात, लहान मुलांना तापात होतं असं, लस थांबवायचं कारण नाही. त्यांचं बरोबरच असेल. पण तिला धरून बसायचं मला. दिवसभर बोटांत सुई टोचून घेणारा मी, दवाखाना दिसला की रस्ता बदलतो. हे तिच्या आईलाही सांगितलेलं नाही. तत्त्व लिहायला सोपं पडलं.

हे वाचूनही लोभ राहावा.

धाकटा

१८ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आधी कळतं तर चिडवलं नसतं. निदान कमी चिडवलं असतं.

शनिवारी मी येते. ताप आला तर काय करायचं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊ. टाचणीला मी मांडीवर घेईन. कचेरीचा शिक्का घरच्या पत्रावर मारणं नियमात बसत नाही, तरी खाली मारला आहे. सूट मंजूर. तिला नव्हे, तुला. तू बाहेरच्या बाकावर बसायचं.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

ताई

२४ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऐन वेळी तुला बाकावर बसवून मीच आत गेलो. बाहेर आल्यावर तुझी गाडी गाठायची घाई झाली, म्हणून आतलं आता लिहितो.

मी तिला घट्ट धरलं आणि डोळे मिटले. नर्सबाईंनी सुई पुढे केली. टाचणीने ती निरखून पाहिली आणि त्यांना सांगितलं की दोरा ओवायचा राहिलाय. नर्सबाई हसल्या, मी डोळे उघडले, तोवर काम झालं होतं.

तू गाडीत बसलीस आणि संध्याकाळी ताप आला. कागदाबरहुकूम सगळं केलं. सकाळी उतरला. आता ती अंगणभर पळते आहे, आणि मागून थर्मामीटर घेऊन मी.

लोभ असाच चालू ठेव.

धाकटा