नेत्राने समुद्र शिकावा म्हणून

चंडीगड

चि. दामूला आशीर्वाद.

थोरली बहीण आठवते का रे, की चष्म्यासारखी मलाही कुठेतरी ठेवून विसरलास? अक्षर वरच्या मजल्यावरच्या मैत्रेयीचं आहे, टोमणे माझे.

विनायक आणि सून गेल्यापासून नेत्राच्या शाळेत पालक म्हणून मीच जाते. बारावीनंतर काय शिकायचं, ते बोलायला परवा मॅडमनी बोलावलं. वेंगुर्ल्याच्या समुद्राच्या मी इतक्या बढाया मारल्यात, की पोरीला समुद्राचंच शिकायचंय. ते कॉलेज कोचीला. मॅडम समजावत होत्या आणि ही इंग्रजीत नाही म्हणत होती. मला कळू नये म्हणून इंग्रजी. पण मध्येच दोनदा 'आजी' आलं आणि मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. बाहेर आल्यावर म्हणते, "मैं यहीं पढ़ूँगी आजी, पक्का." मी रिक्षात तोंड फिरवून बसले.

तेव्हा मला तुझ्याकडे घेऊन जा. नेत्राला सांगू, म्हातारीला माहेरची ओढ लागली. खरं तर मला तिला सोडून कुठेच जायचं नाही. म्हणून हे पत्र एवढ्यात टाकू नको, असं मैत्रेयीला बजावलंय. याआधीचंही माझ्या ट्रंकेतच आहे.

मी तिकडे आले की नेत्राला कोचीला कुळथाचं पीठ पाठवत जा. तिने पिठलं एकटीने कधी केलेलं नाही. पहिल्यांदा बिघडेल, तेव्हा थोडं जास्तच पाठव.

तुझी,
आक्का