नाफुलाच्या घरची कोंबडी

सोमवार, १२ जून

शाळेला मदत करणारे परदेशी पाहुणे उद्या येताहेत. सकाळपासून भिंत घासतेय. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांनी उमटवलेले हातांचे रंगीत ठसे पुसायचे, म्हणजे यंदाच्यांना रंगवायला कोरी भिंत मिळेल! आमच्या शाळेत रंग कधी कमी पडत नाही, पुस्तकं पडतात.

मुख्याध्यापिका क्वाम्बोका मॅडमनी ऑफिसात बोलावलं. "पाहुण्यांतल्या हेल्गाबाई यंदा एकाच मुलाची आठवीनंतरच्या हायस्कूलची फी भरणार आहेत. पुरी चार वर्षं. मी नाफुलाचं नाव दिलंय. गुरुवारी त्यांना तिच्या घरी ने. आणि म्वेंडे, घर आहे तसंच दिसू दे."

नाफुला माझ्या आठवीतली सगळ्यात हुशार मुलगी. फी मिळाली नाही तर जानेवारीपासून आईबरोबर लोकांची धुणी धुवायला जाईल. ही संधी हुकता कामा नये.

मंगळवार, १३ जून

सहाजण आले. टोबियास नावाचा एक पोरगा फोटो काढत सुटलाय. फाटक्या स्वेटरची मुलं पुढच्या रांगेत — मॅडमची जुनी पद्धत. मला बघवत नाही. पण रांग मीच लावली.

संध्याकाळी नाफुलाच्या आईकडे जाऊन आले. म्हटलं, "पाहुणे नुसते बसून जातील. काही करू नका. खरंच काही करू नका." ती हसली. "बरं टीचर, काही नाही करत." जीव भांड्यात पडला.

बुधवार, १४ जून

भिंत रंगवून झाली. पुन्हा हातांचे ठसे.

गुरुवार, १५ जून

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

नाफुलाच्या घराचं दार उघडलं आणि मी थिजले. पत्र्याची एवढीशी खोली. एरवी तिथे एक चटई आणि एक स्टोव्ह असतो. आज सोफा! सोफ्यावर विणलेले पांढरे रुमाल. कोपऱ्यात टीव्ही. टेबलावर काचेचे पेले, भात, मक्याच्या पिठाची उगाली आणि मधोमध कोंबडी. बाईनं अख्खी गल्ली उचलून घरात आणली होती. सोफा शिंप्याचा, टीव्ही सलूनवालीचा, पेले तर माझ्या घरमालकिणीचे! शेजारणी दारात उभ्या राहून आपापल्या वस्तूंकडे कौतुकानं बघत होत्या. कोंबडी तेवढी तिची स्वतःची. तीही एकुलती एक.

"काही करू नका म्हटलं होतं ना?" मी दातओठ खात कुजबुजले.

"ते तर सगळेच म्हणतात, टीचर. म्हणून पाहुण्यांना उपाशी धाडायचं? कोंबडी न कापता पाहुणा वाटेला लावला असं गावाकडं कळलं, तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या." नैरोबीत इतकी वर्षं काढली, बाई अजून गावचीच आहे.

तिनं कोंबडीतला मानाचा तुकडा माझ्या ताटात वाढला. पाहुणे आणले म्हणून.

टोबियास टीव्हीकडे बघत हेल्गाबाईंच्या कानाशी लागला. बाईंनी चमचा खाली ठेवला आणि मला इंग्रजीत विचारलं, "शाळेत याहून गरजू मूल नाही का? उद्या सकाळी मला नाव द्यायचंय."

"काय म्हणताहेत?" नाफुलाच्या आईनं विचारलं. तिला इंग्रजीत 'वेलकम' तेवढं येतं.

"कोंबडी छान झालीय म्हणताहेत."

आणि मग मी बोलले. हसऱ्या चेहऱ्यानं, जणू जेवणाचीच तारीफ करतेय. इंग्रजीत म्हटलं, "यातलं काहीही हिचं नाही. सगळं उसनं आहे, तुम्ही गेलात की परत जाईल. मागे एक चटई उरेल. ही धुणी धुऊन जगते. एकच कोंबडी होती, ती तुमच्या ताटात आहे."

हेल्गाबाईंचे डोळे भरून आले. नाफुलाची आई गोंधळली. "असं काय सांगितलंत हो टीचर, की त्या रडायला लागल्या?"

"नंतर सांगते."

तेवढ्यात टेबलावरून पाणी ओघळलं. नाफुला पेल्यांत पाणी ओतत होती. पेला कधीच भरला होता, ती ओततच होती. हिला इंग्रजी मीच शिकवलंय. वर्गात पहिली येते! तिच्यासमोर मी तिच्या आईची अब्रू वेशीवर टांगली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फडकं आणून टेबल पुसलं.

शुक्रवार, १६ जून

नाफुलाचंच नाव ठरलं. मॅडमनी पाठ थोपटली. आनंद झालाय, नाही कसं म्हणू? पण पोरगी मान वर करत नाही. वाचायला उठवलं — उठली, वाचलं, बसली.

तिनं घरी सांगितलं असेल का? सांगितलं असलं तर संपलंच. ती बाई फी तोंडावर फेकेल. धुणी धुतली तरी कुणाची कीव घेणारी नाही ती, मी ओळखते तिला.

शनिवार, १७ जून

बाजारात नाफुलाची आई दिसली. मी गल्ली बदलली. मागून हाक आली, "टीचर, त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच!" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. शिक्षिका म्हणे!

सोमवार, १९ जून

पाहुणे गेले. शाळा सुटताना नाफुलाची आई वर्गाच्या दारात उभी. मागे नाफुला.

"तुम्ही सांगेनात, शेवटी नाफुलानंच सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे, या बाईच्या एका शब्दावर अख्खी गल्ली आपली घरं रिकामी करते, असं तुमच्याकडे कुणासाठी होतं का? मग रडतील नाही तर काय! एवढं मोठं बोललात माझ्याबद्दल, आणि मलाच सांगितलं नाहीत?"

नाफुलानं गुरुवारनंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"बरोबर सांगितलं ना मी, टीचर?"

"बरोबर," मी म्हटलं.