लिटरला चौदा

३ डिसेंबर, मंगळवार

चौदा! लिटरला चौदा! भागाकार पुन्हा केला, मग उलटा गुणाकार केला. चौदाच. थंडी पडायच्या आधी ही गाडी अठराच्या खाली कधी उतरली नव्हती. एवढीशी गाडी — मागे दोघं बसले की तिसऱ्यानं गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न — आणि पिते ट्रकसारखी.

बायकोला सांगितलं. ती डबा भरत होती. "थंडीत तिलाही भूक लागत असेल," म्हणाली आणि हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

४ डिसेंबर, बुधवार

मिस्तरीकडे जाऊन आलो. त्याचं म्हणणं, थंडीत असंच होतं. ऑइल घट्ट होतं, टायरमधली हवा उतरते, आणि आमची फेरी इतकी छोटी की इंजिन तापेपर्यंत हॉस्पिटल येतं. "आणि काका, सकाळी गाडी नुसती चालू ठेवून तापवत बसता ना? ते बंद करा. चालू केली की लगेच निघायचं, फक्त सुरुवातीला हळू."

म्हणजे आयुष्यभर मी खाली गाडी तापवत ठेवून वर चहा पीत होतो, ते पेट्रोल फुकट! मला कुणी कसं सांगितलं नाही? बायको म्हणते ती सांगायची. मला आठवत नाही.

हवा भरून घेतली.

६ डिसेंबर, शुक्रवार

धाकटी आली होती. माझी बहीण शाळेची बस चालवते. सकाळी पोरं पोचवली की संध्याकाळी शाळा सुटेपर्यंत मोकळी. ॲव्हरेजचं गाऱ्हाणं तिच्या कानावर घातलं. वाटलं, चालवणारी बाई आहे, काहीतरी युक्ती सांगेल. तर म्हणते कशी, "एवढी पिते तर विकून टाक ना, दादा."

विकून टाक! आणि तिची वहिनी कामावर कशी जाणार? ही हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे, पेशंटांचा पहिला चहा-नाश्ता हिच्या हातचा. त्या वेळेला बस नसते. दुपारी येताना असते, जाताना नाही. मी पोचवतो म्हणून हिची नोकरी आहे. आणि खरं सांगायचं तर ही नोकरी आहे म्हणून मी सकाळी उठतो. निवृत्त माणसाला उठायला आणखी काय कारण असतं? ते एक मी कुणाला देणार नाही.

असं सगळं तिला म्हणालो नाही. "तू तुझी बस सांभाळ," एवढंच म्हणालो. ती वहिनीकडे बघायला लागली. वहिनी नळाकडे. नळ बंद होता.

७ डिसेंबर, शनिवार

डिकी रिकामी केली. वजन कमी तर पेट्रोल कमी! निघालं काय काय — दोन तुटक्या छत्र्या, रंगाचा डबा (वाळलेला), जुन्या चपला, घडीचं स्टूल, आणि मागच्या सीटवर एक जाडजूड उशी. ही कुठून आली? सगळं वर नेऊन टाकलं. टपावरचं कॅरिअरही काढून टाकलं, त्याला म्हणे वारा अडतो.

गाडी आता पिसासारखी हलकी. बघूच.

९ डिसेंबर, सोमवार

उशी परत गाडीत!

विचारलं. "कंबर दुखते हो माझी, टेकायला लागते." पण सकाळी ती उशी मागेच होती आणि ही पुढे. मी म्हटलं, मग टेकत का नाहीस? तर म्हणे, आज दुखत नव्हती.

१० डिसेंबर, मंगळवार

काचेचा वैताग. पुढची काच सारखी धुरकट होते. ब्लोअर पूर्ण सोडला, हीटर काचेवर लावला, तरी पांढरं राहतंच. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती केवढं मोठं वर्तुळ! मी पुसतो, परत तेच. हातरुमालाचं पोतेरं झालं.

ब्लोअरनंही ॲव्हरेज जातं, मिस्तरी सांगत होता. पण न दिसता कसं चालवणार?

१२ डिसेंबर, गुरुवार

आज गुडघे स्टेअरिंगला आपटले. सीट चांगली वीतभर पुढे! सकाळी पोचवून आल्यापासून गाडीला हात लावला नव्हता, संध्याकाळी औषध आणायला निघालो तर ही तऱ्हा. आरसाही खाली वाकलेला. त्यात मला माझाच शर्ट दिसला.

थंडीत सीट सरकते का? मिस्तरीला फोन करून विचारलं. त्यानं प्रश्न मला परत म्हणायला लावला. मग म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक ना?"

१३ डिसेंबर, शुक्रवार

टाकी भरली. तेरा.

तेरा!! म्हणजे हवा भरली, वजन काढलं, तापवणं सोडलं, बाहेरची चार कामं एका फेरीत उरकतो, सिग्नलला इंजिन बंद करतो (मागचे हॉर्न मारतात, मारोत), आणि एवढ्यावर एक आकडा खाली? कुठेतरी पाणी मुरतंय.

१४ डिसेंबर, शनिवार

पेट्रोल चोरतंय कुणीतरी. दुसरं काही असूच शकत नाही. कुलपाचं झाकण आणून बसवलं. किल्ली माझ्या खिशात.

ही म्हणाली, "इतका त्रास नका करून घेऊ." इतक्या मायेनं म्हणाली की मला राग आला.

१७ डिसेंबर, मंगळवार

मांजराचं काय करायचं? इमारतीमागे एवढ्या गाड्या उभ्या असतात, पण ते करड्या रंगाचं बेणं दुपारनंतर बरोब्बर माझ्याच बॉनेटवर. पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून. हाकलायला गेलो तेव्हा हात बॉनेटला लागला — कोमट. सकाळपासून उभी असलेली गाडी! या थंडीत!

मांजराच्या अंगाची ऊब म्हणावी, तर सगळं बॉनेट कोमट होतं. एवढं मोठं ते मांजर नाही.

खरंच डोकं चालत नाही माझं. आधी वाटायचं गाडी बिघडली आहे. आता कधीकधी वाटतं, मीच. जेवणानंतर रेडिओ लावून आडवा होतो तो तास-दीड तास मेल्यासारखा झोपतो. झोपेत उठून गाडी चालवणारी माणसं असतात का? हसू नका, असं लिहिणार होतो. पण इथे हसणार कोण.

१९ डिसेंबर, गुरुवार

धाकटी रोज यायला लागली आहे. "चहाला आले." पूर्वी वर्षावर्षात तोंड दाखवायची नाही. मी उठतो तेव्हा दोघी नुकत्याच कुठून तरी आल्यासारख्या, गाल लाल, आणि माझी चाहूल लागली की मूग गिळून गप्प. मी काय परका आहे?

२१ डिसेंबर, शनिवार

हिला विचारलं, माझ्या माघारी काय चाललंय? म्हणाली, "सांगेन." कधी? "सांगेन ना."

बुचकळ्यात पडलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, या बाईला कधी गुपित ठेवता आलेलं नाही. माझ्या वाढदिवसाचा शर्टसुद्धा आठवडाभर आधी मलाच घालून बघायला लावते.

२४ डिसेंबर, मंगळवार

लिहून काढतो म्हणजे बरं वाटेल.

सकाळी अंधारच होता. चौकाच्या अलीकडे काच पुन्हा पांढरी. मी ब्लोअर वाढवायला हात नेला आणि ही ओरडली, "थांबा! माणूस!" ब्रेक दाबला. हातगाडी ढकलणारा एक जण, राखाडी कोट, बॉनेटपासून हातभर अंतरावर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शिवी दिली नाही, काही नाही, गाडी ढकलत निघून गेला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, ही काच! ही काच एक दिवस जीव घेईल कुणाचा तरी.

हिचा हात हँडब्रेकवर होता, हॉस्पिटल येईपर्यंत तो तिनं काढला नाही. उतरताना रोज "येते हं" म्हणते. आज म्हणाली नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

मिस्तरीकडून काच आतून-बाहेरून साफ करून घेतली. कसलंसं पांढरं लावलं, घासलं, धुतलं. हीटरही तपासला. मग त्यानं मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि विचारलं, "आता?"

म्हटलं, थोडी आहेच अजून.

तो आत वाकला, माझ्या डोक्याशेजारी डोकं आणून बघितलं. "काका, काचेत काही नाही."

आजकालच्या पोरांना स्वच्छ म्हणजे काय ते कळत नाही. मी नकाशे काढण्यात आयुष्य घालवलं. केसाएवढी रेघ वाकडी गेली तर साहेबांच्या आधी मला दिसायची, भिंग न लावता! मला कुणी काच शिकवू नये.

पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत. का, कोण जाणे. मला ते आवडलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

साडेबारा.

३० डिसेंबर, सोमवार

रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा लावला, इंजिन लवकर तापावं म्हणून. सकाळी लावला, संध्याकाळी बघतो तर काढून व्यवस्थित डिकीत ठेवलेला. चोर असा असतो? पेट्रोल नेतो, पुठ्ठ्याची घडी घालतो, सीट पुढे ओढतो, उशी टेकतो!

मी हात टेकले.

२ जानेवारी, गुरुवार

सापडलं. सगळं सापडलं. आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलो आहे.

दुपारी रेडिओ मध्येच बंद पडला म्हणून जाग आली. घरात कुणी नाही. हवा तपासावी म्हणून खाली गेलो तर गाडीची जागा रिकामी! मांजर त्या रिकाम्या जागेत बसलेलं, माझ्याकडे तक्रारीनं बघत. गेली गाडी! पाय नेतील तिकडे निघालो, आणि बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानाकडून आवाज आला. पहिल्या गिअरमध्ये किंचाळणारं इंजिन. हजार गाड्यांत ओळखीन मी माझ्या गाडीचा आवाज.

फाटकातून आत गेलो. मैदानाच्या पार टोकाला काहीतरी पांढरं पुढे सरकत होतं, गचके खात, थांबत, परत सरकत. "चोर! चोर!" ओरडत धावलो. अगदी जवळ गेलो तेव्हा कळलं.

स्टेअरिंगवर माझी बायको! उशीवर बसलेली, मान उंच केलेली, दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की जणू ते पळून जाईल. शेजारी धाकटी. "क्लच, वहिनी, क्लच!" आणि गचकन गाडी बंद.

म्हणजे पेट्रोल इथे जात होतं. रोज दुपारी, पहिल्या गिअरमध्ये, गोल गोल! खरं सांगतो, आधी हुश्श वाटलं. चोर नाही, भूत नाही, माझं डोकंही ठिकाणावर. मग पित्त खवळलं. म्हटलं, हे काय चाललंय? या वयात? आणि चोरून कशाला?

ही खाली उतरली. पर्समधून शिकाऊ लायसन्स काढून दाखवलं. फोटोत घाबरलेली दिसते. म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मी आहे ना."

"मग? मी आहेच ना!"

धाकटी पायानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "दादा, तू फाटकातून आत आलास तेव्हापासून मी खिडकीतून तुला हात करत होते. दोन्ही हात."

म्हटलं, लक्ष नव्हतं माझं.

"तू माझ्याचकडे बघत धावत होतास."

गाडी परत मीच आणली. येताना दोघी माझ्याऐवजी रस्त्याकडे बघत होत्या.

रात्री जेवताना ही म्हणाली, "उद्या मी नेते. तुम्ही शेजारी बसा. शिकाऊ माणसाशेजारी जाणता माणूस लागतोच." माझा मान राखायला म्हणाली, तेवढं कळतं मला. हो म्हटलं. का म्हटलं, ते कळत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

तिनं चालवली. रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही, म्हणजे ॲव्हरेजचं आज विचारायलाच नको. चौकाच्या अलीकडे काच पांढरी झाली. मी रुमाल काढला, म्हटलं, थांब, पुसतो, तुला दिसणार नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला सगळं दिसतंय. तो हातगाडीवाला दिसतोय. त्यानं आज मफलर बांधलाय, तोही दिसतोय."

ती सावकाश थांबली. त्याला जाऊ दिलं. मी समोर बघत होतो. मला पांढरंच दिसत होतं.

तुम्हाला दिसतंय का, असं तिनं विचारलं नाही. इतके दिवस विचारलं नाही, आजही नाही. रुमाल खिशात ठेवला आणि मीच सांगितलं.